माकूळ घरच्या टाकीत: होतं का, परवडतं का?



यंदाच्या बंद हंगामात आमच्या एका सभासदाचा मुलगा ऑफिसात आला. बारावी झालेला, हुशार पोरगा. मोबाईल पुढं केला अन् म्हणाला, "काका, हा व्हिडिओ पाह्यला का? हे घरी ठेवता येते म्हणतात. नागपूरच्या हौशी लोकाईले विकलं तर चांगले पैसे भेटतील."

व्हिडिओत काचेच्या टाकीत एक कटलफिश होती. आपली माकूळ. अंगावरून रंगाच्या लाटा सरकत होत्या, ढगाची सावली शेतावरून सरकते तशा. आम्ही सगळे थांबून पाहत बसलो. ज्यांनी आयुष्यभर रोहू, कतला, मृगल हाताळले त्यांनाही नवल वाटावं असं जनावर आहे हे.

पण पोरानं पुढं सांगितलं तेव्हा आम्ही जरा सावध झालो. टाकी, मोटर, मीठ, सगळं मागवायचं त्यानं ठरवलं होतं. पैसा घरातलाच, आईनं जपून ठेवलेला. मध्य प्रदेशात 16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत घर कशावर चालतं ते आपल्याला सांगायला नको. म्हणून त्याला म्हटलं, आठ दिवस थांब, आम्ही नीट माहिती काढतो. ती माहिती सगळ्यांच्या कामाची आहे म्हणून इथं देत आहोत. समुद्रावरची मंडळीही हे पान वाचतात. त्यांच्यासाठी शेवटी एक वेगळी गोष्ट आहे, ती जरूर वाचा.

माकूळ म्हणजे नक्की काय?

नावात फिश असलं तरी हा मासा नाही. गोगलगाय, शिंपले, अष्टपाद यांच्या कुळातला हा जीव. आठ हात, वर शिकार पकडायला दोन लांब सोंडा. हृदयं तीन, रक्त निळसर. कोकणात कटलफिश आणि स्क्विड दोघांनाही बहुतेक माकूळच म्हणतात. फरक ओळखायचा तर आत बघा. स्क्विडच्या पोटात प्लास्टिकच्या पट्टीसारखी पातळ पारदर्शक पाती असते. कटलफिशच्या पाठीत पांढरं, हलकं, खडूसारखं हाड असतं.

हे हाड आपल्या सावरगावात पण पोचलेलं आहे. पोपटाच्या, लव्हबर्डच्या पिंजऱ्यात चोच घासायला जो पांढरा तुकडा अडकवतात तो हाच. आयुर्वेदात समुद्रफेन म्हणतात तोही हाच. म्हणजे समुद्र इथून सातशे-आठशे किलोमीटर दूर असला तरी माकुळीचं हाड आपल्या घरात कधीचंच आलं आहे.

त्या हाडात बारीक बारीक कप्पे असतात. कप्प्यांत वायू आणि पाणी कमी-जास्त करून माकूळ पाण्यात वर-खाली होते. आपण ट्यूबमध्ये हवा कमी-जास्त करावी तसंच.

रंग बदलणं ही तिची मोठी विद्या. गंमत म्हणजे तिला स्वतःला रंग दिसत नाहीत असं शास्त्रज्ञ सांगतात. तरी रेतीवर रेतीसारखी आणि दगडावर दगडासारखी होते. डोकंही चालतं. 2021 साली केंब्रिज विद्यापीठाच्या अलेक्झांड्रा श्नेल आणि त्यांच्या सोबत्यांनी एक प्रयोग छापला. माकुळीसमोर दोन खाणी ठेवली. कोळंबीचा तुकडा लगेच मिळणार, पण तिच्या आवडीचा जिवंत झिंगा हवा असेल तर थांबावं लागणार. काही माकुळी 50 ते 130 सेकंद थांबल्या. समोरचं खाणं सोडून चांगल्यासाठी थांबणं आपल्यालाच किती जमतं ते ज्यानं त्यानं पाहावं.

आपल्या देशात हे कोणी केलं आहे का?

केलं आहे, पण घरात नाही. केरळातल्या विळिंजम इथं केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचं केंद्र आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी आपल्या किनाऱ्यावरची मोठी माकूळ, शास्त्रीय नाव सेपिया फॅरोनिस, अंड्यापासून वाढवून दाखवली. साधारण सव्वा दोनशे दिवसांत सरासरी अर्ध्या किलोची झाली. पुढं तिथंच जोड्या लागल्या आणि अंडीही घातली. हे काम 2005 साली छापून आलं.

म्हणजे माकूळ माणसाच्या हाताखाली वाढते, हे खरं. पण ते केंद्र समुद्राच्या कडेला आहे. ताजं खारं पाणी हाताशी, जिवंत खाणं हाताशी, देखरेखीला शिकलेली माणसं. आपल्या घराच्या ओसरीत यातलं एकही नाही.

आणि ही जात मोठी होते. समुद्रात हिचं नुसतं धड चाळीस सेंटिमीटरपर्यंत जातं. असं जनावर घरच्या काचेच्या टाकीत ठेवायचंच नसतं. परदेशात हौशी लोक जी घरी ठेवतात ती बहुतेक बुटकी माकूळ असते. फिलिपिन्स-इंडोनेशियाकडच्या समुद्रातली, हाताच्या पंजात मावेल एवढी. व्हिडिओतली तीच होती.

ठेवायचीच असेल तर काय काय लागतं?

आता एकेक घेऊ. आपण सगळे पाण्यात काम करणारे, तेव्हा समजायला अवघड जाणार नाही.

पहिली गोष्ट, पाणी. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. बुटक्या माकुळीला निदान 150 ते 200 लिटरची टाकी पाहिजे. 200 लिटर धरलं तर सुरुवातीलाच 7 किलो मीठ झालं. दर आठवड्याला पाचवा हिस्सा पाणी बदलायचं म्हणजे 40 लिटर, त्याला 1 किलो 400 ग्रॅम. वर्षाचा हिशेब 73 किलोच्या आसपास. आणि हे किराणा दुकानातलं मीठ नाही. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असं बरंच काही असतं. त्यासाठी मत्स्यालयाचं खास मीठ घ्यावं लागतं. त्याचा भाव विचारा आणि 73 नं गुणा.

दुसरी गोष्ट, तांबं. इकडं सगळ्यांनी लक्ष द्यावं. आपला भाग संत्र्याचा. बागेत बोर्डो मिश्रण मारतात, म्हणजे मोरचूद आणि चुना. मोरचूद म्हणजे तांबंच. माकुळीच्या रक्तात लोखंडाऐवजी तांबंच असतं, म्हणून तर ते निळसर. पण बाहेरून पाण्यात आलेलं थोडंसं तांबंही तिला मारतं. फवारणीचा पंप धुतलेली बादली टाकीला वापरली तरी खेळ संपला. माशांच्या रोगावर दुकानात मिळणाऱ्या काही औषधांतही तांबं असतं, तीही चालत नाहीत. बोअरचं पाणी सरळ वापरायचं नाही, आरओचं घ्यायचं आणि त्यात मीठ मिसळायचं.

तिसरी गोष्ट, टाकी मुरवणं. नवी टाकी भरली आणि जीव सोडला असं चालत नाही. जनावराच्या घाणीतून अमोनिया होतो. तो पचवणारे सूक्ष्म जिवाणू टाकीत तयार व्हायला हप्ते लागतात. माकुळीसाठी दोन-तीन महिने टाकी आधी चालवून ठेवणं बरं. अमोनिया आणि नायट्राइट शून्य आलं पाहिजे. माकूळ खाते खूप, त्यामुळं घाणही खूप करते. साधा हवेचा बुडबुडा आणि स्पंज एवढ्यावर भागत नाही. फेस काढून घाण बाहेर टाकणारं यंत्र लागतं, प्रोटीन स्किमर म्हणतात त्याला.

चौथी गोष्ट, गरमी. पाणी 24 ते 27 अंशाच्या आसपास राहिलं पाहिजे. आपल्याकडं मे महिन्यात पारा 44-45 ला जातो. पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजन कमी होतो. उन्हाळ्यात पहाटे तळ्यात मासे वर येऊन तोंड मारतात ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. रोहू थोडं सहन करतो, माकूळ करत नाही. म्हणजे पाणी थंड करणारं चिलर हवं, आणि लाईट गेली तर बॅटरी हवी. आपल्याकडं लाईट कधी जाते आणि कधी येते ते सांगायची गरज नाही.

पाचवी गोष्ट, खाणं. इथंच बहुतेकांचा हात टेकतो. अंड्यातून निघालेलं पिल्लू हरभऱ्याच्या दाण्याएवढं असतं, पण पहिल्या दिवसापासून शिकारी. त्याला हलतं, जिवंत खाणं लागतं. समुद्रातले मायसिड नावाचे बारीक झिंगे त्याला उत्तम. हॅचरीत वापरतात त्या आर्टेमियाच्या नुसत्या पिल्लांवर ते नीट वाढत नाही. दिवसातून दोन-तीन वेळा भरवावं लागतं. मोठं झाल्यावर बर्फातल्या कोळंबीचा तुकडा काडीला लावून हलवत दाखवला तर घ्यायला शिकतं.

पोरानं विचारलं, "काका, आपल्या जाम नदीतले झिंगे चालतील ना?" प्रश्न चांगला आहे. गोड्या पाण्यातला झिंगा खाऱ्या पाण्यात थोडा वेळ जगतो, तेवढ्यात माकूळ त्याला धरते. अडीनडीला चालेल. पण रोजचं तेच खाणं दिलं तर समुद्री खाण्यातली जी चरबी तिला लागते ती मिळत नाही, आणि जनावर खंगतं. शिवाय शेतातलं औषध नदीत उतरलं असेल तर तेही त्या झिंग्यासोबत टाकीत येतं.

सहावी गोष्ट, स्वभाव. माकूळ दचकली की मागच्या मागं झपकन सुटते आणि काचेवर आदळते. शेपटाकडचा भाग सोलला जातो, त्यात जखम चिघळते, आणि ती बरी होणं कठीण. म्हणून टाकी लांब-रुंद हवी, मागं गडद कागद हवा, खाली रेती हवी. एकदम दिवा लावायचा नाही, काचेवर ठकठक करायची नाही. घरात लहान पोरं असली तर हे सांभाळणं किती जमेल ते बघा. घाबरली की शाई सोडते. समुद्रात ती शाई वाहून जाते. टाकीत ती तिथंच फिरते. मग लगेच पाणी बदलायचं, कोळसा घातलेला फिल्टर चालवायचा. दुसरे मासे सोबत ठेवायचे नाहीत. लहान मासा ती खाते, मोठा मासा तिला टोचतो. लहान-मोठ्या माकुळी एकत्र ठेवल्या आणि खाणं कमी पडलं तर एकमेकींनाही खातात.

सातवी गोष्ट, प्रवास. आपण मत्स्यबीजाची पिशवी आणली की ती आधी तळ्यात तरंगत ठेवतो, मग हळूहळू पाणी मिसळतो. माकुळीला त्याहून जास्त वेळ द्यावा लागतो, थेंब थेंब पाणी सोडून तास-दोन तास. त्यात वाटेत पिशवीतच शाई सोडली तर मोठी पंचाईत. म्हणून परदेशात जाणकार लोक मोठं जनावर घेत नाहीत, अंडी घेतात.

आणि शेवटची गोष्ट, आयुष्य. एवढं सगळं केलं तरी माकूळ साधारण वर्षभर जगते. फार तर थोडं जास्त. मादी अंडी घालते आणि मग दोघंही थकत जातात, खाणं सोडतात. हा रोग नाही, तिचं आयुष्यच तेवढं. हौशी माणसालाही हे जड जातं. धंदा करणाऱ्यानं तर आधीच हिशेबात धरलं पाहिजे.

मग आम्ही त्या घराला काय सांगितलं?

पोराला आणि त्याच्या आई-वडिलांना ऑफिसात बोलावलं. चहा झाला. कागदावर दोन रकाने केले. एका बाजूला खर्च: टाकी, स्किमर, चिलर, बॅटरी, आरओ, मीठ, जिवंत खाणं, लाईटबिल. दुसऱ्या बाजूला कमाई. कमाईच्या रकान्यात काय लिहायचं तेच कळेना. घेणारा कोण? ज्याच्याकडं मुरलेली खाऱ्या पाण्याची टाकी आहे तोच. तो आपल्याकडून का घेईल?

पोरगा गप्प झाला. त्याची आई म्हणाली, "म्हणजे पैसे गेलेच असते म्हणा."

आम्ही म्हटलं, पैसे गेले असते, आणि ते जनावरही चार दिवसांत गेलं असतं. पण पोराची हौस वाया घालवायची नाही. मासा घरी वाढवून विकायचा विचार चुकीचा नाही, फक्त जात चुकली.

मग पर्याय बोललो. गोड्या पाण्यातले शोभेचे मासे आपल्या हातचे आहेत. गप्पी, मोली, प्लॅटी, स्वोर्डटेल हे पिल्लं घालणारे मासे. अंडी सांभाळायची भानगड नाही, सिमेंटच्या टाक्यांत होतात. हात बसला की फायटर, एंजल, गोल्डफिश. खाण्याला बारीक कोंडा-पेंड, डबक्यातले किडे. नागपूर जवळ, गाडीही सोयीची. 2020 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत घराच्या परसातल्या शोभिवंत मासे युनिटसाठी 3 लाख रुपये खर्च धरलेला आहे. त्यावर सर्वसाधारण गटाला 40 टक्के, आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के अनुदान आहे. अर्ज आईच्या नावानं केला तर फायदा कुठं आहे ते तुम्हीच बघा. फक्त सध्या अर्ज चालू आहेत का ते मत्स्य विभागाच्या कार्यालयात विचारून मगच पैसा गुंतवा. योजनेच्या भरवशावर आधी उधार काढू नका.

ज्याला खाऱ्या पाण्याचंच शिकायचं आहे त्यानं माकुळीपासून सुरुवात करू नये. नवी मुंबईत ऐरोलीला किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रात क्लाउनफिशची हॅचरी झाली आहे. केशरी अंगावर पांढरे पट्टे असतो तो मासा. तो टाकीत जन्मलेला मिळतो, कोरडं खाणं घेतो, बरीच वर्षं जगतो. आधी तो वर्षभर सांभाळून दाखवावा, मग पुढचं बोलावं.

एक कळकळीची सूचना. शोभेचा कुठलाही मासा नदीत, तळ्यात सोडू नका. काच साफ करतो म्हणून लोक सकर मासा आणतात, मोठा झाला की धरणात नेऊन टाकतात. त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात, काठ पोखरले जातात, आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही. हौस एकाची, नुकसान सगळ्या सोसायटीचं.

समुद्रावरच्या नाव-मालकांसाठी

माकूळ वाढवायची खरी जागा समुद्रच आहे, आणि तिथं वाढवणारे तुम्ही आहात. कसं ते सांगतो.

माकुळीची मादी अंडी पाण्यात मोकळी सोडत नाही. दोर, फांदी, पोवळं, पिंजरा, जे मिळेल त्याला ती चिकटवते, द्राक्षाच्या घडासारखी. आपल्याकडच्या मोठ्या माकुळीची अंडी पांढरट असतात. आतलं पिल्लू वाढत आलं की बाहेरून दिसतं. आपल्या कोमट पाण्यात दोन-तीन हप्त्यांत पिल्लं निघतात. आणि माकूळ आयुष्यात एकच हंगाम अंडी घालते. ज्या वर्षी अंडी गेली त्या वर्षाची पिढी गेली, मागं दुसरी आई उरलेली नसते.

कर्नाटकाच्या किनाऱ्यावर काय झालं ते बऱ्याच जणांना ठाऊक असेल. नारळाचे वाळलेले तुरे बांधून, वाळूच्या गोण्यांचं वजन लावून समुद्रात सोडायचे. अंडी चिकटवायला माकुळी तिथं जमतात, आणि मग गळानं उचलायच्या. माल मोठा मिळतो, भावही चांगला, कारण माकूळ बाहेरच्या देशांत जाते. पण जी सापडते ती अंडी घालायला आलेली मादी. त्यावरून तिथं ट्रॉलरवाले आणि गळवाले यांच्यात भांडणंही झाली.

आमच्याकडं पावसाळ्यात अंड्यावरची रोहू धरली तर पुढं मासा कमी होतो. त्यासाठीच तर दोन महिने जाळं टांगून ठेवतो, पोटाला चिमटा घेऊन. तुमचीही 1 जून ते 31 जुलैची बंदी त्यासाठीच. माकुळीचं गणितही वेगळं नाही.

म्हणून एवढंच करा. जाळ्याला, दोराला, पिंजऱ्याला अंड्यांचे घड लागून आले तर डेकवर वाळू देऊ नका. ओले असतानाच अलगद पाण्यात सोडा. दोराला घट्ट चिकटले असतील तर तो जुना तुकडा कापून खडकाळ जागी सोडला तरी चालतो, पण नायलॉन असेल तर घड सोडवूनच टाका, प्लास्टिक समुद्रात नको. खलाशांना हे एकदा दाखवून ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे.

जाता जाता

मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय 1951 साली सुरू झालं. आपल्या बाजूच्या किती तरी लोकांनी समुद्रातला मासा जिवंत असा पहिल्यांदा तिथंच काचेआड पाहिला. पाहायची हौस चांगलीच. ती हौस व्हिडिओनं, मत्स्यालयानं भागते. घरी आणायचं म्हटलं की त्या जीवाची जबाबदारी आपली.

तो पोरगा आता घरामागं दोन सिमेंटच्या टाक्यांत मोली आणि गप्पी करतो आहे. पहिल्या खेपेला पिल्लं मोठ्यांनीच खाल्ली, कारण त्यानं वेगळी केली नाहीत. दुसऱ्या खेपेला पाणवनस्पती टाकली, पिल्लांना लपायला जागा झाली, आणि बरीच वाचली. अजून विक्री सुरू नाही. पण आईनं ठेवलेल्या पैशातले बरेच अजून डब्यात आहेत, आणि तो रोज सकाळी वहीत पाण्याची नोंद करतो.

कोणाच्या घरी असा विचार चालू असेल तर टाकी मागवायच्या आधी सोसायटीच्या ऑफिसात या. वही-पेन घेऊन बसू, हिशेब करू. विचारायला पैसे लागत नाहीत.

आपली,
सोसायटीची मंडळी, सावरगाव